बांधावरचं औषध

माणसाच्या देहात जितक्या व्याधी आहेत, तितक्या वनस्पती निसर्गानं आधीच निर्माण करून ठेवल्या आहेत, असं जाणकार सांगतात. त्यातली कोणती कुणाच्या बांधावर ठेवली आहे, हे मात्र जाणकार सांगत नाहीत. आणि आमच्याकडं बांधावर वनस्पतीच्या आधी भावकी उगवते.

छबूबाईचं औषध ज्या बांधावर होतं, त्याच्या अल्याड तिचं अडीच एकर आणि पल्याड चुलतदीर भुजंगरावाचं चार एकर. ताडकळसच्या बाजारातून निघालं की पाच किलोमीटरवर गाव, गावाचा ओढा ओलांडला की हा बांध. औषध काविळीवरचं. पालमपासून पूर्णेपर्यंतची पिवळी माणसं दर रविवारी छबूबाईच्या ओसरीवर येऊन बसायची, आणि हे चाळीस वर्षं चाललेलं होतं.

औषधाची रीत ठरलेली. शनिवारी दिवस कलला की अंघोळ करून, हळदकुंकू आणि अक्षदा घेऊन बांधावर जायचं आणि औषधाला आवतन द्यायचं. "उद्या येते, चलायचंय," एवढंच. रविवारी उजाडता उजाडता निघायचं, पाण्याचा घोट घ्यायचा नाही, वाटेत कुणी भेटलं तरी बोलायचं नाही. पानं खुडायची, मागं न बघता यायचं, पाट्यावर वाटून शेळीच्या दुधात द्यायचं. औषध पोटात जाईपर्यंत देणाऱ्याच्या तोंडातून शब्द फुटला की औषधाचा पाला झाला. असे तीन रविवार. तोवर तेल, तिखट, हळद बंद. पैसे घेतले तर गुण जातो; नारळ चालतो, तोही बरं झाल्यावर. नाव सांगितलं तर गुण जातो. दुसऱ्याला दाखवलं तर आपल्या हातातला गुण त्याच्या हातात जातो. जायला एवढ्या वाटा असून गुण चाळीस वर्षं त्या घरात टिकला, हेच नवल.

नावाचं म्हणाल तर ते छबूबाईलाही माहीत नव्हतं. सासूनं एका गिऱ्हानाच्या, म्हणजे ग्रहणाच्या दिवशी तिला बांधावर नेलं, एका वेलीकडं बोट केलं आणि म्हणाली, "हे औषध." वीतभर लांब वेल, तीन तीन पानं, पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत लसणाच्या पाकळीएवढं पांढरं फूल. तेव्हापासून छबूबाईच्या तोंडी त्या वेलीचं नाव 'औषध' असंच होतं.

अडचण अशी की त्याच घरात दुसरंही औषध होतं. छबूबाईचा मुलगा बजरंग पाठीवर पंप घेऊन लोकांच्या रानात फवारणी करायचा. आमच्याकडं डब्यातून पाण्यात पडतं ते सगळं औषधच: माव्याचं औषध, अळीचं औषध, तणाचं औषध. गावात कुणी सांगितलं की अमक्यानं औषध घेतलं, तर लोक 'गुण आला का' असं विचारत नाहीत, 'वाचला का' असं विचारतात.

बजरंगच्या पाठीवर पंपाच्या पट्ट्याचे दोन काळे वळ कायमचे उठलेले होते. पंप कमरेपाशी गळायचा; तिथली कातडी सापाच्या कातीसारखी निघायची. त्याची बायको सत्यशीला खुरपणीला जायची. नवऱ्यानं तणाचं औषध मारायला सुरुवात केल्यापासून गावातली खुरपणी निम्म्यानं कमी झाली. बायकांनी तिला सांगितलंही, "तुज्या नवऱ्याला जरा आवर घाल गं, आमच्या हाताला काम ऱ्हाईना." ती म्हणायची, "माझ्या तरी कुठं ऱ्हायलंय?"

सत्यशीलेला एकच गोष्ट हवी होती.

"आत्याबाई, मला दावा की औषध. उद्या तुमचं काई बरंवाईट झालं मंजे?"

"माझ्या बऱ्यावाइटाची घाई झाली का तुला?"

"तसं मनले का मी?"

"मग थांब. गिऱ्हान लागू दे."

गिऱ्हानं लागली आणि सुटली. दोन्ही वेळा छबूबाईची कंबर धरली. खरं कारण तिला ठाऊक होतं. सोमवार ते शनिवार ती घरातली म्हातारी होती: शेळीमागं जाणारी, चहा उरला तर पिणारी, 'माय, जरा सरक' असं ऐकणारी. रविवारी मात्र धोतरातले, पँटीतले, एकदा तर जीपमधून उतरलेले लोक तिच्यासमोर तोंड उघडून बसायचे. औषध दाखवलं असतं तर तिला आठवड्याचे सातही दिवस म्हातारीच राहावं लागलं असतं.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात झड लागली. आठ दिवस सूर्य नाही. छबूबाईचा उजवा गुडघा नारळाएवढा सुजला. तव्यावर गरम करून रुईची पानं बांधली, निरगुडीचा शेक घेतला. उंबरा ओलांडणं होईना. दोन रविवार लोक आले आणि परत गेले. तिला वाटलं, एवढ्या पाण्यात वेल कुजली तर? म्हणून तिनं बजरंगला हाक मारली.

"बजरंगा, बांधावरच्या औषधाचं बघ बाबा. माज्यानं जाणं होईना."

"बघतो," बजरंग म्हणाला. त्याला बरंच वाटलं. बांध कमरेएवढा माजला होता, भुजंगकाका रोज टोकत होते की तुमच्या बांधातून माझ्या रानात किडूक येतंय. आता खुद्द आईलाही ते दिसलं. उघडीप मिळताच तो दोन पंप घेऊन गेला. संध्याकाळी हातपाय धुता धुता म्हणाला, "माय, बांधावरच्या औषधाचं झालं बघ."

"नीट बघितलंस न्हवं?"

"आडवं-उभं दोन्हीकडून."

छबूबाईला समाधान वाटलं. लेक कामाचा आहे.

पंधरा दिवसांनी गुडघा उतरला. शनिवारी ती हळदकुंकू घेऊन काठी टेकत बांधावर गेली. अख्खा बांध वाळल्या कडब्यासारखा पिवळा पडला होता. तीनपानी वेल होती तिथं एक तपकिरी दोरी होती. हातात धरली तर तुटली. हिरवं होतं ते एकच, केना. तणाच्या औषधानं सगळं जळतं, केना तेवढा जळत नाही. मऊ पानं, गाठीगाठीला फुटवे, त्यावर निळी फुलं उघडून तो बांधभर पसरला होता, मोकळी जागा मिळाल्यामुळं जरा जास्तच.

ती तिथंच खाली बसली. बजरंगला विचारावं तर औषध कोणतं होतं ते सांगावं लागणार. लोकांना सांगावं तर पोरानंच मारलं, हेही सांगावं लागणार. आणि उद्याच्या सकाळी सहा जण यायचे होते. शेवटी तिनं केन्यावर अक्षदा टाकल्या. केन्याला आवतन मिळण्याची ही पहिलीच वेळ असावी. एरवी तो आवतनाशिवाय येतो.

त्या सहांत पूर्णेच्या कापड दुकानातला दत्तराव होता. लिंबासारखा पिवळा. पहिल्या रविवारी त्याला केना वाटून देताना छबूबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. तिसऱ्या रविवारी तो नारळ घेऊन हसत आला.

"डोळं दाव," ती म्हणाली. डोळे पांढरे स्वच्छ होते. तिला रडू आलं.

"मावशी, तुमची लय माया," दत्तराव म्हणाला.

बाकीचे पाचही बरे झाले. त्या दिवशी छबूबाईला भाकरी गेली नाही. केन्यानं माणूस बरा होत असेल, तर चाळीस वर्षं बांधावर होतं ते काय होतं? हा प्रश्न तिला कुणाला विचारता येणार नव्हता, कारण या विषयातलं पंचक्रोशीतलं सगळ्यात जाणतं माणूस तीच होती.

अशी दोन वर्षं गेली. नारळ येत राहिले.

यंदा आषाढात योगीराज नावाचा एक तरुण गळ्यात ओळखपत्र अडकवून आला. ग्रामपंचायतीची जैवविविधता नोंदवही भरून देण्याचं काम त्याच्या संस्थेला मिळालं होतं. तो ओसरीवर मांडी घालून बसला आणि त्यानं तक्ता उघडला.

"आजी, वनस्पतीचं स्थानिक नाव?"

"औषध."

"नाव विचारायलोय, आजी."

"मी बी नावच सांगायलेय."

"बरं. वापरायचा भाग? मूळ, पान, फूल?"

"गुण जातो."

योगीराजनं थोडा विचार करून तो रकाना मोकळा सोडला. मग समजुतीच्या आवाजात म्हणाला, "हे बघा आजी, हे ज्ञान लुप्त व्हायलंय. म्हणून तर सरकार नोंद ठेवायलंय."

"व्हायलंय न्हाई बाबा," छबूबाई म्हणाली, "झालंय."

योगीराज मोठ्यानं हसला. म्हातारी हजरजबाबी आहे, असं त्यानं नंतर ग्रामसेवकाला सांगितलं.

चहा घेऊन तो निघाला तेव्हा गोठ्यापाशी सत्यशीलेनं त्याला थांबवलं. तिनं गेल्या दिवाळीच्या सुमारास तुरीच्या ओळींआडून सासूचा माग काढला होता. "केना हाय," ती हळूच म्हणाली. "पानं. शेळीच्या दुधात. तीन रविवार."

"केना? आमच्या घरी तर त्याची भजी करतात."

"आवतन दिल्याबिगर खाल्ला तर भजीच की," सत्यशीला म्हणाली.

योगीराजला ते पटलं. त्यानं बांधावर जाऊन निळ्या फुलाचा फोटो काढला आणि माहिती देणाऱ्याच्या नावापुढं सत्यशीलेचं नाव लिहिलं. एकोणीस वर्षांच्या संसारात तिचं नाव रेशनकार्डाबाहेर कुठं तरी लिहिलं गेलं, ते हे.

भादव्यात सत्यशीलेची धाकटी बहीण राजेश्री बाळंतपणासाठी आली. आई-बाप नव्हते, बहिणीचं घर तेच माहेर. गंगाखेडकडच्या गावातून एसटीनं आली. हातात एक पिशवी, नववा महिना लागलेला. नवरा चंद्रभान ऊसतोडीच्या टोळीत. दसरा झाला की टोळी निघणार, त्याच्या आत लेकरू झालं पाहिजे, असा सगळ्यांचा अंदाज. राजेश्रीलाही या खेपेला खाटेवर बाळंत व्हायचं होतं. मागल्या खेपेला ती फडातच बाळंत झाली होती आणि ते लेकरू राहिलं नव्हतं.

"आक्का, अन्न बघवंना गं," ती आल्या आल्या म्हणाली. "वासानंच मळमळायलंय. चार-पाच दिस झाले."

सत्यशीलेनं तिला उजेडात आणलं. डोळे पिवळे होते. नखंही.

"हात्तिच्या," सत्यशीला म्हणाली. "एवढंच व्हय? कावीळ हाय. बरी जागी आलीस बघ."

छबूबाईनं राजेश्रीची पापणी खाली ओढून पाहिली, तळवे पाहिले, पोटऱ्यांवर बोट दाबलं. बोटाचा खळगा तसाच राहिला. हात मागं घेऊन ती म्हणाली, "हिला परभणीला न्या. आजच्याला."

"परवा शनवार हाय, आत्याबाई. आवतन द्या. पयला रविवार हिचा."

"हिला न्हाई देणार मी."

सत्यशीलेनं हातातला तांब्या खाली टेकवला. "काय मनलात?"

"पोटुशी हाय ती. दवाखान्यात न्या."

"कुठल्या कुठल्या मानसाला देता तुमी. जीपीतून आलेल्याला देता. आन माझ्या बहिणीला न्हाई?"

"देण्यासारखं असतं तर पयलं हिला दिलं असतं."

"मग काय झालंय द्यायला?"

ओसरीच्या कडेला बसून बजरंग पंपाचं नोझल तोंडानं फुंकत होता. छबूबाईनं त्याच्याकडं बघितलं.

"औषध मेलंय," ती म्हणाली.

"कोण मेलंय?" बजरंगनं नोझल तोंडातून काढलं.

"बांधावरचं औषध. दोन वर्सं झाली. तूच मारलंस."

"मी? मी कवा?"

"मी तुला मनले, बांधावरच्या औषधाचं बघ. तू औषध मारून आलास."

बजरंगला ते आठवायला वेळ लागला. आठवलं तसा त्याचा चेहरा उतरत गेला. "तू मनलीस बघ. मी बघितलं."

"हां. आडवं-उभं."

"मग नाव तरी सांगावं का न्हाई? मला काय ठावं, कोणतं औषध!"

"मला बी नाव ठावं न्हाई रं," छबूबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

शेळी ओरडली. राजेश्री भिंतीला टेकून एकेकाच्या तोंडाकडं बघत होती.

"आन मग दोन वर्सं लोकं कशानं बरी झाली?" सत्यशीलेनं विचारलं.

"केना दिला मी."

"केनाच हाय, ते मला ठावं हाय. तुरीआडून बघितलंय मी. केनाच तुमचं औषध. आता माझ्या बहिणीची पाळी आली तर मेलं मनायल्यात."

"केना औषध न्हाई गं माय."

"लोकं बरी झाली का न्हाई?"

"झाली."

"मग?"

छबूबाईची नजर वर माळवदाकडं गेली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं सगळं खरं सांगितलं होतं, आणि त्याच्या विरोधात तिचेच पुरावे माळवदाखालच्या फळीवर ओळीनं ठेवलेले होते. शेवटचा नारळ गेल्याच रविवारचा होता.

बजरंगला दोनांतलं एक मानायचं होतं: आपण औषध मारलं, किंवा आई खोटं बोलते. फोनवर चंद्रभान म्हणाला, "दाजी, दवाखान्यात पोट फाडत्यात. मावशीचंच द्या." तेव्हा बजरंगनं मध्यममार्ग काढला. "एक रविवार बघू. फरक न्हाई पडला तर नेऊ."

शनिवारी सकाळी छबूबाई एकटीच काठी टेकत डांबरी रस्त्यापर्यंत गेली. पाऊस भुरभुरत होता. तासाभरानं ओळखीची एक ॲपे रिक्षा थांबली. तिला घेऊन ती घरापर्यंत आली. छबूबाई उतरून म्हणाली, "चल गं राजे, बस. परभणीला जायचंय." सत्यशीला पदरानं हात पुसत बाहेर आली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "जा भाऊ तुमी. म्हातारीला कळंना झालंय हल्ली." रिक्षावाल्यानं छबूबाईकडं कीव केल्यासारखं बघितलं आणि रिक्षा वळवली. तिच्या लुगड्यावर चिखलाचे शिंतोडे उडाले. ती तशीच दारात उभी राहिली.

त्या संध्याकाळी आवतन द्यायला सत्यशीला गेली.

रविवारी झुंजुमुंजूला ती परत आली तेव्हा छबूबाई उंबऱ्यात आडवी बसली होती. सत्यशीलेच्या पदरात केन्याची पानं होती, ओठ घट्ट मिटलेले. औषध घेऊन येणारी बोलली की औषध बाद. हे छबूबाईनंच या घराला शिकवलं होतं. ती म्हणाली, "सत्यशीला. बोल माज्याशी."

सत्यशीला बाजूनं जायला लागली. छबूबाईनं तिचं लुगडं धरलं.

"सत्यशीला, एक शबुद बोल. शिवी दे मला. तुज्या मायवरनं शिवी दिलीय न्हवं मी तुला? ती तू दे. बोल गं बाई."

सत्यशीलेच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण तोंड उघडलं नाही. तिनं सासूची बोटं एकेक करून सोडवली, पाट्यापाशी बसली आणि वाटायला लागली. ही सून इतकं नेमकं मौन पाळू शकते, हे छबूबाईला पहिल्यांदाच कळलं. गिऱ्हानात औषध दाखवायला हरकत नव्हती.

राजेश्रीनं वाटी घेतली. पिण्याआधी छबूबाईकडं बघून विचारलं, "मावशी, तुमी कामून दिलं न्हाई मला?" मग उत्तराची वाट न बघता पिऊन टाकलं. अर्धं उलटून पडलं. सत्यशीला म्हणाली, "पडू दे. अर्धं बी लय झालं."

सोमवारी राजेश्री दिवसभर झोपली. लोकांना वाटलं, उतार पडला. मंगळवारी दुपारी ती एकदम उठून बसली आणि अंगावरची वाकळ गुंडाळायला लागली. "आक्का, टोळी निघाली की. कोयता कुठं ठिवलाय? गाडी हालंल गं." दंडाला धरलं तर हिसका द्यायला लागली. हिरड्यांतून रक्त येत होतं. बजरंग चपला न घालता भुजंगरावाच्या जीपसाठी धावला. ओढ्याला मांडीएवढं पाणी होतं. चार जणांनी मागून जीप ढकलली. छबूबाईनं कुणाला न विचारता मागच्या फळीवर बसून घेतलं आणि राजेश्रीचं डोकं मांडीवर ठेवलं. ताडकळस येईपर्यंत राजेश्री कोयता मागत होती. पुढं तिनं काही मागितलं नाही.

लेकरू आधी गेलं. राजेश्री बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास गेली.

परभणीच्या दवाखान्यातली डॉक्टरीण वयानं लहान होती, डोळे जागरणानं लाल होते. तिनं विचारलं, "किती दिवस होती कावीळ?"

"धा-अकरा."

"काही दिलं होतं का?"

"झाडपाल्याचं," बजरंग म्हणाला.

ती रागावली नाही. "पाल्यानं नाही झालं काही. उशिरानं झालं. गरोदर बाईला ही कावीळ फार वाईट. पहिल्या दिवशी आणली असती तर निदान प्रयत्न करता आले असते."

सत्यशीला भिंतीशी बसून जमिनीवर हात आपटत होती. छबूबाई काठी टेकून डॉक्टरणीच्या पुढ्यात आली.

"बाई, एक इचारू? मग बाकीची मानसं कशानं बरी होत्यात?"

"कोणती माणसं?"

"काविळीची."

"ही पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते, आजी. दोन-तीन आठवड्यांत. तिला वेगळं औषध नसतंच."

दोन-तीन आठवडे म्हणजे तीन रविवार. हे छबूबाईला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

परतताना सत्यशीला आणि निरोप मिळताच गावाकडून आलेला चंद्रभान शववाहिकेत बसले. मायलेक मागून जीपनं आले. पाऊस थांबला होता. दोन्हीकडच्या सोयाबीनवर ऊन पडलं होतं. छबूबाई म्हणाली, "आपुआप मनली ती."

"हां."

"मंजे माझ्या सासूचं बी तसंच असंल."

जीप खड्ड्यातून गेली तशी बजरंगनं तिची काठी धरली.

"मग तू काई मारलं न्हाईस बघ, बजरंगा," ती त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली. "ते औषध न्हवतंच. येल होती ती. बांधावरची."

बजरंग बाहेर बघत रडायला लागला. तिनं हात तसाच ठेवला.

दहावा झाला. सत्यशीला सासूशी एक शब्द बोलली नव्हती. रविवारी पहाटे धरलेलं मौन तिनं सासूपुरतं सोडलंच नव्हतं म्हणा ना. दहाव्याहून आल्यावर मात्र ती चुलीपाशी बसून, राखेकडं बघत बोलली.

"तुमच्या हातानं दिलं असतं तर वाचली असती. माझ्या हाताला गुण न्हवता. तुमी मला दिलाच न्हाई."

छबूबाईनं डॉक्टरीण म्हणाली ते सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं. सुनेला बहिणीच्या मरणाचं काहीतरी कारण हवं होतं, आणि डॉक्टरणीच्या कारणात सुनेचंच नाव येत होतं. तिनं ते स्वतःकडं ठेवून घेतलं. "चुकलं माझं," ती म्हणाली.

गावानंही असाच निष्कर्ष काढला. सुनेनं दिलं तर पोरगी दगावली. म्हणजे गुण पाल्यात नाही, म्हातारीच्या हातातच आहे. ही बातमी पालमपर्यंत गेली. पुढच्या रविवारी ओसरीवर अकरा माणसं होती. छबूबाईनं प्रत्येकाला सांगितलं, "माझ्याकडं काई न्हाई बाबा. परभणीला जा. पोटुशी असंल तर आजच्याला जा." लोकांनी मान डोलावली. मोठी माणसं अशीच बोलतात. त्याच्या पुढच्या रविवारी ते आधीच दोन दोन नारळ घेऊन आले. ती घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली. ते दुपारपर्यंत बसून राहिले, आणि त्यातले बरेचसे पुढं बरे झाले.

चंद्रभान दसऱ्यानंतर टोळीबरोबर गेला. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; त्याच्या कोयत्याला आता जोडीदारीण नव्हती. मुकादमानं त्याला मोळ्या बांधायच्या कामावर घेतलं.

माघात नोंदवही छापून आली. ग्रामसेवकानं एक प्रत घरी पाठवली, कारण तीत घरातलं नाव होतं. बजरंगनं ओसरीवर बसून ती मोठ्यानं वाचली. सत्यशीला धान्य निवडत होती, छबूबाई शेळीपाशी होती.

"पान एकसष्ट. स्थानिक नाव, केना. फुलाचा रंग, निळा. उपयोग, कावीळ. मात्रा, तीन रविवार. माहिती देणार, सौभाग्यवती सत्यशीला बजरंग."

सत्यशीलेचा हात सुपात थांबला.

"संवर्धनाची गरज," बजरंगनं पुढं वाचलं, आणि त्याचा आवाज जरा उतरला. "नाही. ही वनस्पती सर्वत्र मुबलक आढळते व तणनाशकाने मरत नाही."